कोळसा गेला, पाईप राहिले: एस्बियर्गच्या उष्णतेचं प्रकरण

३१ ऑगस्ट २०२४ या दिवशी डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एस्बियर्ग बंदरातलं कोळशाचं वीजकेंद्र कायमचं थांबलं. हे केंद्र १९९२ मध्ये सुरू झालं होतं. त्याचं २५० मीटरचं धुराडं देशातलं सर्वांत उंच. ऑर्स्टेड या डॅनिश ऊर्जा कंपनीकडे उरलेलं हे शेवटचं कोळसा केंद्र होतं.

केंद्र बंद झाल्यावर वीज कुठून आणायची, हा एस्बियर्गसमोरचा मोठा प्रश्न नव्हता. शहरासमोर उत्तर समुद्र आहे आणि त्यात हॉर्न्स रेव्ह नावाचा उथळ पट्टा. २००२ मध्ये तिथे ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण १६० मेगावॉटच्या. २००९ मध्ये २०९ मेगावॉटचा दुसरा प्रकल्प आला आणि २०१९ मध्ये ४०७ मेगावॉटचा तिसरा. डेन्मार्कमध्ये तयार होणाऱ्या विजेत आता वारा आणि सूर्य यांचाच वाटा निम्म्याहून जास्त आहे. कठीण प्रश्न उष्णतेचा होता. एस्बियर्ग आणि शेजारचं वार्दे इथल्या सुमारे २५,००० घरांचे रेडिएटर आणि न्हाणीघरातलं गरम पाणी बऱ्याच अंशी या केंद्रावर अवलंबून होतं.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते याच कारणाने. 'शंभर टक्के अक्षय ऊर्जा' म्हटलं की चर्चा विजेवर सुरू होते आणि विजेवरच संपते. पण जगात अंतिम वापराला लागणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. बाकीची ऊर्जा घरं तापवण्यात, कारखान्यांच्या भट्ट्यांत, गाड्यांत, जहाजांत, विमानांत जाते. वीज स्वच्छ करणं हा कामाचा सोपा भाग. ती स्वच्छ वीज या बाकीच्या क्षेत्रांपर्यंत पोचवून त्यांना एकमेकांत गुंफणं, म्हणजेच क्षेत्रजोडणी, हा अवघड भाग. एस्बियर्गने या अवघड भागाचा एक हिस्सा यशस्वीपणे सोडवला आणि दुसऱ्या हिश्शावर ते अडलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच बंदरात घडल्या असल्यामुळे त्यांची तुलना करता येते.

पाईप आधी कसे आले

कोळशाच्या केंद्रात जळणातल्या ऊर्जेपैकी साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची वीज होते. उरलेली उष्णता समुद्रात किंवा हवेत सोडून द्यावी लागते. ती वाया न घालवता गरम पाण्याच्या रूपात शहरभर फिरवली, तर त्याच कोळशातून जवळपास दुप्पट काम होतं. याला सहनिर्मिती म्हणतात, आणि शहरभर गरम पाणी फिरवणाऱ्या व्यवस्थेला डिस्ट्रिक्ट हीटिंग. कल्पना जुनीच आहे. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये १९०३ मध्येच कचरा जाळून रुग्णालयाला वीज आणि उष्णता दिली जात होती.

पण एवढं मोठं जाळं देशभर पसरलं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. त्या वेळी डेन्मार्कच्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग तेलातून यायचा आणि तेल जवळजवळ सगळं आयात केलेलं. रविवारी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घालावी लागली होती. या धक्क्यातून १९७९ चा उष्णता पुरवठा कायदा आला. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत निर्णायक वळण तेच, पंचेचाळीस वर्षं आधीचं.

त्या कायद्याने उष्णतेचं नियोजन नगरपालिकांवर सोपवलं. कोणत्या वस्तीत सामायिक गरम पाणी जाणार आणि कोणत्या वस्तीत गॅस, याचे पट्टे आखले गेले. ठरलेल्या पट्ट्यात घरमालकांना जोडणी बंधनकारक करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. आणि उष्णता विकून नफा कमवायचा नाही, खर्च निघेल एवढाच दर लावायचा, हे तत्त्व ठरलं. या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे एक मोठा पेच सुटला. पाईप टाकायला कोट्यवधी क्रोन (डॅनिश चलन) लागतात, आणि ग्राहक मिळतील याची खात्री नसेल तर ते कुणी टाकत नाही. उलट पाईप दारापर्यंत आलेला नसेल तर ग्राहक आपला बॉयलर काढत नाही. दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात. कायद्याने ग्राहकांची खात्री आधी दिली, म्हणून पाईप पडले. आज डेन्मार्कमधली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा जाळ्यांना जोडलेली आहेत.

ते पाईप अक्षय ऊर्जेसाठी टाकलेले नव्हते. आयात तेल वाचवण्यासाठी, कोळशाची वाया जाणारी उष्णता वापरण्यासाठी टाकले होते. पण पाईपमधल्या पाण्याला ते कशाने तापलं याच्याशी काही देणं-घेणं नसतं. कोळसा काढून दुसरा उष्णतेचा स्रोत जोडला, तर घरातल्या माणसाला काहीच बदलावं लागत नाही. पंचवीस हजार घरांतले बॉयलर एकेक करून बदलण्याऐवजी बंदरातली एक जागा बदलली की पुरे.

एका केंद्राच्या जागी अनेक स्रोत

एस्बियर्ग आणि वार्दे या दोन नगरपालिकांच्या मालकीची डिन फॉर्स्युनिंग ही सेवा कंपनी तिथली उष्णता पुरवते. कोळसा जाणार हे कळल्यावर एका मोठ्या केंद्राच्या जागी तसंच दुसरं मोठं केंद्र बांधण्याचा मार्ग तिच्यापुढे होता. देशातल्या इतर मोठ्या शहरांनी तेच केलं होतं. आरहूसजवळच्या स्टुडस्ट्रूप केंद्राने आणि कोपनहेगनजवळच्या अॅवेडोर केंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या गोळ्या जाळायला सुरुवात केली.

एस्बियर्गने स्रोत विभागले. समुद्राच्या पाण्यातून उष्णता काढणारा सुमारे ७० मेगावॉटचा हीट पंप, ४० मेगावॉटचा विजेचा बॉयलर, ६० मेगावॉटचा लाकडी चिप्सचा बॉयलर, आणि शहरात आधीपासून असलेल्या कचरा जाळण्याच्या प्रकल्पाची उष्णता.

हीट पंपाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या मांडणीचा तो कणा आहे.

हिवाळ्यातला उत्तर समुद्र म्हणजे चार-पाच अंशांचं गार पाणी. त्यातून घरं तापवायची हे ऐकायला विचित्र वाटतं. पण फ्रिज जसा आतल्या गार अन्नातूनही उष्णता काढून मागच्या जाळीतून खोलीत सोडतो, तसंच हे. समुद्राचं पाणी आणखी काही अंश गार करायचं, त्यातून निघालेली उष्णता कॉम्प्रेसरने वरच्या तापमानाला चढवायची आणि शहराच्या पाण्याला द्यायची. एस्बियर्गच्या पंपातून सेकंदाला सुमारे ४,००० लिटर समुद्राचं पाणी फिरतं. हिशेब करून पाहा. एक भाग वीज घालून तीन भाग उष्णता मिळते असं धरलं, तर ७० मेगावॉटपैकी साधारण ४७ मेगावॉट समुद्रातून यायला हवेत. सेकंदाला ४,००० लिटर पाण्यातून एवढी उष्णता काढली तर ते पाणी तीन अंशांपेक्षाही कमी गार होतं. हजारो घरं तापतात आणि समुद्रात परत जाणारं पाणी जेमतेम पावणेतीन अंशांनी थंड झालेलं असतं.

जर्मन कंपनी मॅन एनर्जी सोल्युशन्सबरोबर हा करार २०२१ मध्ये झाला. कॉम्प्रेसर त्यांच्या झुरिचमधल्या कारखान्यातले. चुंबकीय बेअरिंगवर फिरणारे, तेल न लागणारे, पूर्ण बंदिस्त. पंपात फिरणारा द्रव मात्र ओळखीचाच निघतो: कार्बन डायऑक्साइड. ज्या वायूमुळे हा सगळा खटाटोप करावा लागतोय तोच इथे कामाला लावलेला आहे. त्याला कारण आहे. एस्बियर्गसमोरचा वाडन समुद्र हा भरती-ओहोटीचा चिखलपट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. डेन्मार्ककडचा भाग २०१४ मध्ये त्यात आला. लाखो स्थलांतरी पक्षी तिथे थांबतात. अशा ठिकाणी अमोनियासारखा विषारी किंवा फ्लोरिनयुक्त, दीर्घकाळ टिकणारा वायू गळणं परवडणारं नव्हतं. कार्बन डायऑक्साइड गळलाच, तर पाण्याला किंवा पक्ष्यांना तसा धोका नाही.

पण कार्बन डायऑक्साइडचं एक बंधन आहे, आणि ते थेट घराघरात जाऊन पोचतं. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूप होत नाही. कितीही दाबला तरी त्याची वाफ आणि द्रव असा फरक उरत नाही. त्यामुळे शहराला उष्णता देताना तो एका स्थिर तापमानाला थांबून द्रव होत नाही, सरकत सरकत थंड होत जातो. त्यातली जास्तीत जास्त उष्णता काढून घ्यायची असेल, तर शहरातून परत येणारं पाणी शक्य तितकं गार असायला हवं. परतीचं पाणी ३५-४० अंशांचं आलं तर पंप उत्तम चालतो. ते ५५ अंशांचं आलं तर तीच वीज खाऊन तो कमी उष्णता देतो.

परतीचं पाणी गार का येत नाही? कुणाच्या घरातला रेडिएटरचा झडप बिघडलेला असतो. कुठे पाणी उष्णता न देताच धो-धो फिरून परत जातं. कोळशाच्या काळात याने फारसं बिघडत नव्हतं. उष्णता तशीही जास्तीची होती. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका घरातल्या बिघडलेल्या झडपेचा परिणाम बंदरातल्या कॉम्प्रेसरच्या वीजबिलावर होतो. डेन्मार्कमधल्या अनेक उष्णता कंपन्या म्हणून असा दर लावतात की पाणी नीट थंड करून परत पाठवणाऱ्याला सवलत आणि गरम परत पाठवणाऱ्याला जादा आकार. क्षेत्रं जोडली की जबाबदाऱ्याही जोडल्या जातात, याचं इतकं ठोस उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

कुठल्या तासाला काय चालवायचं

रोजच्या कारभाराचा आधार विजेचा तासागणिक बाजारभाव. वारा जोरात असला की पश्चिम डेन्मार्कमधला भाव कोसळतो. अलीकडच्या वर्षांत तर वर्षातले शेकडो तास तो शून्याच्याही खाली गेला, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळाले. वारा पडला की भाव उसळतो.

लाकडी चिप्सपासून एक एकक उष्णता काढायचा जो खर्च येतो त्याला क्ष म्हणू. विजेच्या बॉयलरला एक एकक उष्णतेसाठी एक एकक वीज लागते. म्हणून विजेचा भाव क्षपेक्षा कमी असेल तेव्हाच तो चालवणं परवडतं. हीट पंपाला एक तृतीयांश वीज पुरते, म्हणून भाव क्षच्या तिप्पट होईपर्यंत पंप चालवणं शहाणपणाचं. भाव त्याच्याही वर गेला की पंप हळू करायचा, चिप्स जाळायच्या किंवा साठवलेलं गरम पाणी वापरायचं. यात भर पडते ती करांची, वीजजाळ्याच्या शुल्कांची आणि यंत्रं चालू-बंद करण्याच्या खर्चाची, पण सांगाडा हाच.

जुन्या केंद्राची रीत याच्या उलट होती. विजेचा भाव चढा असला की ते जास्त वीज विकायचं. आता शहर स्वस्त विजेच्या वेळी जास्त वीज घेतं. दोन्हींचा वीजजाळ्याला आधारच मिळतो, पण दुसरी रीत वाऱ्याच्या स्वभावाशी जुळणारी आहे. पंप आणि बॉयलर पूर्ण जोरात चालले तर साठ-एक मेगावॉट वीज उचलतील. म्हणजे हॉर्न्स रेव्हच्या पहिल्या प्रकल्पाच्या क्षमतेच्या एक तृतीयांशाहून जास्त. वादळी रात्री पवनचक्क्या बंद ठेवाव्या लागण्याऐवजी ती वीज पाण्यात शिरते.

शिवाय पाणी ही फार स्वस्त तिजोरी आहे. एक घनमीटर पाणी ५० अंशांनी तापवलं की त्यात सुमारे ५८ किलोवॉट-तास उष्णता साठते. आकड्याने ही एका मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीच्या बॅटरीएवढी ऊर्जा. अर्थात उष्णतेची परत सगळी वीज होत नाही, म्हणून ही तुलना जपून वापरायला हवी. पण लोकांना शेवटी उष्णताच हवी असेल, तर आधी बॅटरीत वीज भरून मग तिने पाणी तापवण्याचं कारणच काय? टाकी जितकी मोठी, तितका तिच्या आकारमानाच्या तुलनेत बाहेरचा पृष्ठभाग लहान, आणि उष्णतेची गळती कमी. दक्षिण जटलंडमधल्या वोयेन्स गावात २०१५ मध्ये जमिनीत खणलेल्या आणि वरून झाकलेल्या तळ्यात सुमारे दोन लाख घनमीटर गरम पाणी साठवायला सुरुवात झाली. उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यात वापरतात.

आल्बोर्ग विद्यापीठातले हेन्रिक लुंड आणि त्यांचे सहकारी हा मुद्दा कित्येक वर्षं मांडत आले आहेत. त्यांनी १९९९ पासून विकसित केलेल्या एनर्जीप्लॅन या संगणकीय प्रतिमानात वीज, उष्णता, वाहतूक आणि उद्योग यांचा वर्षातल्या प्रत्येक तासाचा हिशेब एकत्र मांडता येतो. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासानुसार तेवढीच ऊर्जा वीज म्हणून साठवण्याचा खर्च उष्णता म्हणून साठवण्याच्या सुमारे शंभर पट होता, आणि वायू किंवा द्रव इंधन म्हणून साठवणं तर उष्णतेपेक्षाही स्वस्त. त्यानंतर बॅटऱ्या बऱ्याच स्वस्त झाल्या, म्हणून आजचा आकडा वेगळा असेल. पण क्रम बदललेला नाही. प्रत्येक क्षेत्राचा प्रश्न त्या क्षेत्रातच सोडवायचा ठरवलं, तर विजेच्या चढउतारांवर महागडी साठवण हाच उपाय दिसतो. क्षेत्रं जोडली की स्वस्त साठवण आपोआप हाताशी येते.

करांनी अडवलेला रस्ता

मग हे वीस वर्षं आधीच का झालं नाही? हीट पंप काही नवा शोध नाही.

डेन्मार्कने १९८८ मध्ये नव्या घरांत विजेचे हीटर बसवायला बंदी घातली होती. त्या काळी तो निर्णय योग्यच होता. कोळशातून चाळीस टक्क्यांनी वीज करायची आणि तिने खोली तापवायची ही उधळपट्टी. पण त्याच विचाराने विजेवर जड कर बसले आणि विजेचा स्रोत बदलला तरी ते राहिले. जैवइंधन मात्र करमुक्त. वारा फुकट वाहत असताना उष्णता कंपन्यांना लाकूड जाळणं स्वस्त पडत होतं. मोठी शहरं लाकडाकडे वळली त्यामागे हा हिशेब होता. २०२१ च्या सुरुवातीपासून उष्णतेसाठी वापरलेल्या विजेवरचा कर किलोवॉट-तासाला एक ऊरेच्याही खाली, युरोपीय संघाच्या किमान पातळीच्या आसपास आणला गेला. ऊरे म्हणजे क्रोनचा शंभरावा भाग. एस्बियर्गचा पंपाचा करार त्याच वर्षीचा आहे.

जे अजून स्वच्छ नाही

६० मेगावॉटच्या चिप्स बॉयलरबद्दल मला चिंता वाटते. वारा पडलेला आणि कडाक्याची थंडी, असे आठवडे उत्तर युरोपात येतात, आणि तेव्हा दुसरा आधार लागतो हे मान्य. लाकूड अक्षय मोजलं जातं. पण जळलेल्या झाडाचा कार्बन परत झाडात बांधला जायला दशकं लागतात, आणि डेन्मार्क जाळतो त्या जैवइंधनाचा मोठा भाग परदेशातून येतो. लुंड यांच्यासारख्या नियोजकांचं म्हणणं असं की शाश्वत जैवइंधन मोजकंच आहे, ते विमानं, जहाजं आणि रसायन उद्योग अशा जागी ठेवावं जिथे वीज थेट पोचत नाही. ५० अंशांचं पाणी तापवायला ते वापरणं म्हणजे उद्याची शिदोरी आज खाणं. एस्बियर्गमधला बॉयलर वर्षातले थोडेच तास चालला तर हरकत नाही. तो रोजची सवय झाला, तर मांडणीचा अर्थच जातो.

दुसरी गोष्ट. कोळशाचं केंद्र खरं तर २०२३ च्या वसंतातच बंद व्हायचं होतं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपात गॅस टंचाई झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये डॅनिश प्रशासनाने ते जून २०२४ अखेरपर्यंत चालू ठेवायचा आदेश दिला. त्या केंद्राची सुमारे ३७० मेगावॉट वीज वारा नसतानाही मिळायची. हीट पंप तशी वीज देत नाही, उलट घेतो. ती उणीव आता आंतरराष्ट्रीय केबल भरून काढतात. नेदरलँड्सशी जोडणारी ७०० मेगावॉटची कोब्रा केबल २०१९ पासून चालू आहे आणि तिचं डॅनिश टोक एस्बियर्गजवळच एन्ड्रूपला आहे. नॉर्वेच्या जलविद्युत जलाशयांशी आणि २०२३ च्या अखेरीपासून ब्रिटनशीही जोडणी आहे. पण वारा सगळीकडे एकाच वेळी पडला तर शेजारीही अडचणीत असतो.

दुसरा पाईप, जो अजून पडलेला नाही

आता त्याच बंदरातली अडलेली गोष्ट.

जहाजं, खतं, पोलाद, विमानं यांना वीज थेट देता येत नाही. तिथे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि त्यापासून अमोनिया किंवा मिथेनॉल बनवायचं, हा मार्ग. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोपनहेगन इन्फ्रास्ट्रक्चर पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने एस्बियर्गमध्ये एक गिगावॉटचा (हजार मेगावॉटचा) इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, उभारण्याची योजना जाहीर केली. जहाज आणि शेती क्षेत्रातल्या मोठ्या डॅनिश कंपन्या सोबत होत्या. योजनेत एक वाक्य होतं जे मला आजही भावतं: या कारखान्याची वाया जाणारी उष्णता एस्बियर्गमधल्या साधारण एक तृतीयांश घरांना देता येईल. इलेक्ट्रोलायझरमध्ये घातलेल्या विजेपैकी साधारण पंचवीस ते तीस टक्के उष्णता बनते, पन्नास-साठ अंशांची. पाईपचं जाळं नसेल तर तो कचरा. जाळं असेल तर विकाऊ माल.

२०२४ संपेपर्यंत या प्रकल्पाच्या बांधकामाचा अंतिम निर्णय झालेला नव्हता. हायड्रोजनचा मोठा ग्राहक जर्मनीतला उद्योग. तिथपर्यंत नेणारी वाहिनी २०२८ मध्ये तयार व्हायची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती २०३१ वर गेल्याचं जाहीर झालं. वाहिनी बांधण्याआधी कंपन्यांनी तिच्यातली क्षमता दीर्घ मुदतीसाठी आरक्षित करावी अशी अट होती. कंपन्या म्हणत, ग्राहकाचा करार नसताना आरक्षण कसं करू? जर्मन ग्राहक म्हणत, वाहिनी येणार की नाही हे कळल्याशिवाय करार कसा करू? १९७९ च्या आधीचाच पेच, फक्त पाण्याच्या जागी हायड्रोजन.

आणि याचा फटका उलट फिरून विजेला बसला. ५ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर समुद्रात किमान तीन गिगावॉट पवनऊर्जेच्या निविदेची मुदत संपली, तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. व्याजदर वाढलेले, यंत्रांच्या किमती वाढलेल्या, सरकारी अनुदान नाही, हे सगळं खरं. पण मुळाशी आणखी एक कारण आहे. वारा सुटला की सगळ्याच पवनचक्क्या एकाच वेळी वीज देतात आणि भाव पाडतात. नवी पवनचक्की आली की तिच्यामुळे आधीच्यांचीही कमाई घटते. हे थांबवायचं तर वारा असताना वीज खाणारे नवे ग्राहक त्याच वेगाने यायला हवेत. उष्णतेच्या क्षेत्राने आपला वाटा उचलला. डेन्मार्कमध्ये २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त विजेच्या होत्या, म्हणजे तिथेही गाडं पुढे सरकलं. पण हजारो मेगावॉट गिळू शकेल असा ग्राहक हायड्रोजनच होता, आणि तो आलाच नाही. पुढच्या वर्षी सरकारने अनुदानासह नव्याने निविदा काढायचं ठरवलं आणि वाहिनीलाही आर्थिक आधार देऊ केला.

हायड्रोजनचा मार्गच चुकीचा, असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. मे २०२५ मध्ये आबेनरो शहराजवळ कास्सो इथे ५२ मेगावॉटच्या इलेक्ट्रोलायझरचा मिथेनॉल कारखाना सुरू झाला. वर्षाला सुमारे ४२,००० टन क्षमतेचा. शेजारीच ३०० मेगावॉटचं सौर उद्यान आहे. हायड्रोजन लांब न्यायचा नाही, जागेवरच द्रव मिथेनॉल करायचं आणि टँकरने बंदरावर पाठवायचं, म्हणून वाहिनीची वाट पाहावी लागली नाही. मर्स्क ही जहाज कंपनी आधीच ग्राहक म्हणून बांधलेली होती. मिथेनॉलवर चालणारं तिचं पहिलं कंटेनर जहाज २०२३ मध्येच पाण्यात उतरलं होतं. आणि कारखान्याची उष्णता स्थानिक गरम पाण्याच्या जाळ्यात जाते. ग्राहक, वाहतुकीचा मार्ग आणि उष्णतेचा पाईप हे तिन्ही जिथे आधी ठरलेलं होतं, तिथे काम झालं. एस्बियर्गच्या योजनेत तिसरं होतं, पहिली दोन नव्हती.

उष्णतेबाबत समाजाने जो धोका १९७९ मध्ये सामायिकपणे उचलला, तो हायड्रोजनबाबत प्रत्येक कंपनीने एकट्याने उचलावा अशी अपेक्षा सुरुवातीला ठेवली गेली. माझ्या मते फसगत तिथे झाली. अर्थात दोन्हींत फरक आहे. घराला उष्णता लागणारच हे नक्की असतं, म्हणून तिथे जोडणी बंधनकारक करणं न्याय्य ठरलं. परदेशातल्या पोलाद कारखान्याला कुणी डॅनिश कायद्याने बांधू शकत नाही. तिथे दोन देशांनी मिळून हमी घ्यावी लागेल, आणि ती चुकली तर नुकसान करदात्यांचं. हा धोका खरा आहे, आणि तो झाकून वाहिनीचा आग्रह धरणं बरोबर नाही.

एस्बियर्गमध्ये आज समुद्राचं पाणी पंपातून फिरतं आहे आणि बंदरापासून वार्देपर्यंतच्या पाईपमधून गरम पाणी वाहतं आहे. त्याच जाळ्याला पन्नास-साठ अंशांचा आणखी एक स्रोत जोडायचा तर फार काही लागणार नाही. एका पाण्यातली उष्णता दुसऱ्याला देणारा एक उष्णता विनिमयक, थोडी पाईपलाईन, आणि परतीचं पाणी गार ठेवणारे झडप. इलेक्ट्रोलायझरसाठी आखलेल्या जागेकडून त्या जाळ्याकडे अजून काही आलेलं नाही.